झाकणबाई

कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्याला समोरचा चेहरा ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणजे कुठल्या लग्नात पाहिलेला, रस्त्यात भेटलेला तसा नव्हे. रोजच्या वापरातला. घरातल्या चमच्याकडे आपण कधी नीट बघत नाही, पण तोच चमचा दुसऱ्याच्या घरात दिसला तर हात थबकतो, तसा. स्टुलावर शाळेच्या गणवेशातली पंधरा वर्षांची मुलगी बसली होती. मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे, मांडीवर घट्ट धरलेली एक वही. परीक्षेच्या फॉर्मला लावायचा फोटो, दुसरं काही नाही. दिवसाला असे वीस चेहरे त्या स्टुलावर बसून जात. तो सवयीने म्हणाला, "हं, हनुवटी जरा खाली. एक..." आणि 'एक' ऐकताच मुलीच्या पापण्या खाली यायला लागल्या. ती त्या वर ढकलत होती, ते त्याला काचेतून स्पष्ट दिसलं. कपाळाला आठ्या पडल्या, तोंड किंचित उघडलं आणि पापण्या बुबुळांच्या मध्यावर येऊन थरथरत थांबल्या. त्याचं बोट बटणावर होतं तिथेच राहिलं. हा चेहरा त्याच्या खिशात होता.

खिशातल्या फोनमध्ये. घरच्यांच्या ग्रुपवर मेहुण्याने कधीतरी टाकलेला स्टिकर: एक अर्धवट मिटलेल्या डोळ्यांची मुलगी, डोक्यावर कोणीतरी काढलेली झोपेची टोपी, नाकातून निघालेला फुगा. ग्रुपवर तेवीस माणसं आणि तेवीसच्या तेवीस जणांना तो आवडलेला. सासऱ्यांनी लांबलचक सुविचार पाठवला की टाक स्टिकर. वहिनीने सहलीचे दीडशे फोटो ओतले की टाक स्टिकर. जेवण अंगावर आलं, टाक. आज सकाळी दुकान उघडतानाही त्याने तो टाकला होता आणि समोरून सात हसरे चेहरे आले होते. तीस वर्षं चेहऱ्यांवर पोट भरणारा माणूस, गालाच्या हाडावरून उजेड कुठे ठेवायचा ते सांगणारा. पण हा चेहरा कोणाचा, असं त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. कोणाचाच नसेल, असं धरून चालला होता. असे चेहरे आपोआप उगवत असतील, शेवाळासारखे.

"काय झालं भाऊ? लाईट गेली का?" बाकावरून मुलीची आत्या म्हणाली. काटक बाई, मांडीवर पिशवी, पिशवीवर फॉर्म. रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होती. तिथूनच अर्धी रजा टाकून आली होती, आणि हे तिने आल्या आल्या दोनदा सांगितलं होतं.

"नाही. फोकस बघतोय."

"तुम्ही मोजू नका. मी रोज पन्नास जणांना सुया टोचते, मोजून कधी टोचत नाही. एक म्हटलं की माणूस दगड होतो, शीर पळून जाते."

"आम्ही तीनपर्यंत मोजतो, पण दोनलाच दाबतो," तो म्हणाला. "तीनला लोक डोळे मिटतात."

"म्हणजे तुम्हीपण थापाडेच. आमच्यात मुंगी चावल्यासारखं होईल म्हणतात."

मुलगी हसली नाही. तिने वही या हातातून त्या हातात घेतली.

"ही अशी नव्हती हो," आत्या म्हणाली. "चार महिने झाले, कॅमेरा दिसला की हिचं हे असं. शाळेत ओळखपत्राचे फोटो काढले, त्यातला एक डोळे मिटलेला कुणी मेल्याने उचलला आणि..."

"आत्या, राहू दे ना."

"का राहू दे? चोरी तू केलीस? सगळ्या शाळेत फिरला, भाऊ. टोप्या घातल्या, मिशा लावल्या, दारूची बाटली दिली हातात. परवा हिच्या बाकावर छापून चिकटवला. वर नाव पाडलंय."

"काय नाव?" त्याने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

मुलगी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. हजेरीचा नंबर सांगावा तसं म्हणाली, "झाकणबाई."

त्याने कॅमेरा सोडला. स्टँडवर होता म्हणून पडला नाही. दिवा जरा सरकवल्यासारखं केलं, परत होता तिथे आणला. हा शब्द दुनियेत कोणाचाच नव्हता. हा शब्द मास्तरांचा होता. ज्यांच्या हाताखाली तो चौदाव्या वर्षी फिल्म धुवायला लागला ते मास्तर, ज्यांचं हे दुकान होतं, ज्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. डोळे मिटलेला फोटो आला की ते डार्करूमच्या लाल दिव्यात ओला कागद चिमट्याने दोरीला टांगत म्हणायचे, घ्या, आले झाकणराव. बाई असेल तर झाकणबाई. डब्यावर झाकण तशी डोळ्यावर पापणी. दोरीवर दहा कागद टांगलेले असले तर त्यात एखाददुसरं झाकण असायचंच, आणि मास्तर त्यांच्या तोंडी संवाद घालायचे. मोठमोठी माणसं असायची त्यात, डॉक्टर, वकील, नवरदेव; लाल उजेडात, तोंड वासलेली, पाणी ठिबकणारी. तो हसून हसून जमिनीवर बसायचा. मग मास्तर तो कागद उतरवून चार तुकडे करायचे आणि बादलीत टाकायचे. बाहेर आल्यावर त्याच नवरदेवाला 'या साहेब, फर्स्ट क्लास आलाय' म्हणायचे. दुष्ट होते का मास्तर? ही गोष्ट त्याने कधी तपासली नव्हती. खोलीत दोन माणसं, दाराला आतून कडी. जे हसायचं ते तिथेच, त्या आंबूस वासात, आणि मागे बादलीत चार तुकडे.

"तुम्हीच काढला होता तो," मुलगी म्हणाली.

आत्याने मान वळवली. "काय?"

"शाळेत हेच आले होते फोटो काढायला. म्हणून तर तुला इथे आणलं." मग त्याच्याकडे बघून, अगदी शांतपणे, "काका, तुम्ही शाळेला डोळे मिटलेले पण फोटो दिले होते का?"

"नाही. ते आम्ही उडवतो. चांगला तेवढाच देतो."

"मग हा बाहेर कसा गेला?"

त्याला घाम आला होता आणि दिवे त्याच्यावर नव्हते. "आता काय सांगायचं," तो म्हणाला, "आजकाल कुठून काय बाहेर जाईल याचा नेम आहे का?" यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. भल्या माणसाला असल्या वाक्यांची ददात पडत नाही. तोंड उघडलं की एक तयार असतं, धुतलेलं, इस्त्री केलेलं.

मुलीने वही उघडून त्याच्यासमोर धरली. "आत्याने सांगितलं तसं केलंय." आत्या म्हणाली, "आमच्याकडे बाटलीवर लेबल नसेल तर रक्त गटारात जातं, मग ते कितीही खरं असो. मी म्हटलं, रडायचं ते रड, पण आधी लेबल लाव." पानावर स्क्रीनशॉटचे छोटे प्रिंट चिकटवलेले होते, प्रत्येकाशेजारी तारीख, वेळ, कोणी पाठवला, कोणत्या ग्रुपवर, कोणाला दाखवलं. सुबक अक्षर. सत्तेचाळीस नोंदी. एकीपुढे लिहिलं होतं, 'बाबांना दाखवलं, ते म्हणाले दुर्लक्ष कर.' एकीपुढे, 'ग्रुपमध्ये कोणीच काही बोललं नाही.' पहिली ओळ मात्र कोरी होती. एक आकडा, त्यापुढे रिकामी जागा, मग दोन आकडा आणि ब तुकडीतल्या एका मुलीचं नाव.

"ही म्हणते तिला पुढून आला," मुलगी म्हणाली. "ती पुढून म्हणजे कुठून ते सांगत नाही."

"आणि शाळेतल्या समुपदेशक बाई," आत्या म्हणाली, "गोड बोलतात हो, नुसती साखर. म्हणे सगळ्यांना कशी शिक्षा करणार, सुरुवात कोणी केली ते सांगा. उद्या दहाला मोठ्या सरांनी बोलावलंय. नाव असलं तर बघू, नसलं तर विषय संपला. तोवर हिने फोन बघायचा नाही. म्हणजे कुत्री रस्त्यात चावणार आणि हिने घरात बसायचं. आणि ही बया म्हणते, मी फॉर्मच भरत नाही. पाच वाजेपर्यंत मुदत आहे, भाऊ. आता सव्वातीन झाले."

"हॉलतिकिटावर फोटो असतो," मुलगी म्हणाली. "तो वर्गात सगळ्यांना दिसतो. असा आला तर मी नाही जाणार परीक्षेला. तिथेही नाही आणि शाळेतही नाही."

तो वही घेऊन खिडकीशी गेला. चष्मा वर केला. नजर सवयीने कामाला लागली, तिला कोणी सांगावं लागत नाही. दोन नंबरच्या प्रिंटवर टोपी नव्हती, मिशा नव्हत्या. मूळ फोटो असावा. पण तो मूळ नव्हता. गालावरून बारीक लाटा गेल्या होत्या, वाळूवर वाऱ्याने उमटाव्यात तशा. स्क्रीनचा फोनने फोटो काढला की या लाटा येतात. म्हणजे फाइल बाहेर गेलीच नव्हती. कोणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून पडद्यावरच्या चेहऱ्याचा फोटो काढला होता. आणि त्यावर उजेडाचा डाग नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरवर दुपारभर उजेडाचा डाग असतो, कारण खिडकी बरोबर पाठीमागे आहे. डाग नाही म्हणजे खिडकीचा पडदा कोणीतरी ओढला होता.

पडदा त्याने ओढला होता.

ते आता त्याच्या हातांना आठवलं, डोक्याच्या आधी. त्या कापडाचा जाडसर स्पर्श, कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज. सुट्टीचा दिवस, तिसरा प्रहर. सहाशे मुलांचे प्रत्येकी तीन-तीन फोटो, चांगले-वाईट निवडायचे, म्हणून तो मुलीला घेऊन बसला होता. त्याची मुलगी, बिट्टी, त्याच शाळेत दहावी क. महिनामहिना ती त्याच्याशी धड बोलत नाही. कानात बोंडं, हातात फोन, 'हो', 'नाही', 'जेवले'. त्या दिवशी मात्र ती खुर्चीवर पाय घेऊन शेजारी बसली होती आणि त्याला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की ते टिकवायला तो काहीही बोलायला तयार होता. मग हा फोटो आला. सकाळपासून उभा राहून पाय भरून आले होते त्या दिवशीचा, दोनला दाबायचं ते तीनला दाबलं गेलेला. त्याने चेहरा मोठा केला, पडदाभर, आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाला, "घ्या, आल्या झाकणबाई." बिट्टी खुर्चीवरून पडायची राहिली. बाबा, परत म्हण ना. त्याने परत म्हटलं. तोंडी संवाद घातले, मास्तर घालायचे तसे. तिने फोन वर केला आणि म्हणाली, "शी, उजेड पडतोय." आणि तो उठला. फोटो नीट यावा म्हणून. धंद्यातला माणूस, वाईट उजेड सहन होत नाही. उठून त्याने पडदा ओढला आणि म्हणाला, "आता काढ."

कोणाला पाठवू नकोस, असं आपण म्हणालो होतो का? खिडकीशी उभं राहून त्याने ते वाक्य पुन्हा पुन्हा शोधलं. आता काढ, याच्यानंतर. किंवा चहा झाल्यावर. तो हे वाक्य म्हणण्यासारखा माणूस होता, म्हणजे म्हणाला असणार. जवळजवळ आठवलंच त्याला, 'पाठवू नकोस हां कुठे.' पण त्या वाक्याला आवाज नव्हता. पडद्याच्या कड्यांना होता.

वहीच्या सत्तेचाळीस नोंदींत बिट्टीचं नाव नव्हतं. त्याने दोनदा बोट फिरवून पाहिलं. पुढून आला म्हणणारी मुलगी तोंड उघडणार नव्हती. म्हणजे उद्या दहाला विषय संपणार. फक्त वही परत द्यायची, चार फोटो काढायचे, त्यातला बरा छापायचा. पैसे घ्यायचे नाहीत. 'धीर धर बाळ' म्हणायचं. खिशात फोन थरथरला; त्याने काढून पाहिला, नुसतं हाताला काम म्हणून. घरच्या ग्रुपवर सासऱ्यांचा सुविचार आला होता, निष्पाप मनाबद्दल, आणि त्याखाली मेहुण्याने तो स्टिकर टाकला होता. मुलगी त्याच्या मागे सहा फुटांवर स्टुलावर होती आणि त्याच्या तळहातात तिच्या नाकातून फुगा निघत होता. त्याने लिहिलं, 'हा फोटो एका खऱ्या मुलीचा आहे. मी काढलेला आहे. तिला फार त्रास होतोय. सगळ्यांनी काढून टाका, पुढे पाठवू नका.' पाठवलं. लगेच मेहुण्याचं उत्तर आलं, 'भावजी, दुपारीच घेतली का?' आणि खाली पुन्हा तोच स्टिकर. त्याखाली चार हसरे चेहरे. वहिनी, साडू, मामेभाऊ, बायको. चांगली माणसं. कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं तर डबे घेऊन धावणारी. त्याला एकाएकी त्यांचा, म्हणजे स्वतःचा, इतका संताप आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला. आणि तोही खोटाच, कारण फोन महाग होता आणि तो मारणार नव्हता.

"भाऊ, फोटो काढताय की हात बघताय?" आत्या म्हणाली.

तो वळला. "पेन आहे का?"

मुलीने खिशातलं दिलं. त्याने वही टेबलावर ठेवली, कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं. बिट्टीला उद्या मोठ्या सरांच्या खोलीत उभं राहावं लागेल. तिचं नाव पडेल, दुसरं काहीतरी, आणखी वाईट. ही पोरं सोडणार नाहीत तिला, टोपी चढवतील. तिचे पाय खुर्चीवर घेतलेले होते त्या दिवशी. घोट्याला मच्छर चावल्याचा लाल डाग होता. त्याने लिहिलं, 'फोटोग्राफर.' पुढे लिहिलं, 'नाव त्याने पाडलं.' मग अक्षर वाकडं झालं तरी तसंच पुढे, 'फोटो त्याच्या मुलीने काढला, दहावी क. पडदा त्याने ओढला.'

आत्याने उठून वाचलं. मुलीने स्टुलावरून वाकून वाचलं. तो काहीतरी बोलायला लागला, "म्हणजे आम्ही आपलं घरात, मजेत..." आणि आत्या म्हणाली, "गप्प बसा." मोठ्याने नाही. रक्त काढताना पेशंटला म्हणतात तसं. मग पिशवीची चेन लावली, उघडली, परत लावली. "लाज वाटत नाही का हो, स्वतःच्या पोरीच्या वयाची..." एवढं म्हणून तिचाच आवाज बसला.

"माझा काढ," तो मुलीला म्हणाला. "डोळे मिटून बसतो. घाल टोपी, पाठव सगळीकडे." हे बोलताना त्याला गळ्याशी काहीतरी मोठं, छान दाटून आल्यासारखं वाटलं.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. "तुमचा पाठवून काय होणार, काका? तुम्हाला कोण हसणार. तुम्ही म्हातारे आहात." आणि वही त्याच्याकडे सरकवली. "तारीख आणि वेळ राहिली."

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून तारीख लिहिली. वेळ, सुमारे साडेतीन.

"ती एकदा माझ्याशेजारी येऊन बसली होती," मुलगी म्हणाली. "तुमची मुलगी. मधल्या सुट्टीत, जिन्यात. काही बोलली नाही. डब्यातलं अर्धं माझ्या झाकणात ठेवलं आणि गेली. मला वाटलं, ही एक तरी बरी आहे." तिने पेन मागून घेतलं, टोपण लावलं. "उद्या दहाला तिला घेऊन या. ती नाही म्हणाली तरी तुम्ही या."

"येतो."

"आता फोटो काढा. मोजू नका."

त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. हनुवटी खाली घे म्हणाला नाही, जरा हस म्हणाला नाही. बोट बटणावर ठेवून थांबला. तिच्या पापण्या थरथरल्या, निम्म्यावर आल्या, आणि तिने त्या तिथून उचलल्या, एखादं जड शटर दोन्ही हातांनी वर ढकलावं तशा. मग ती बघत राहिली. भिंगाकडे नाही, भिंगाच्या वर, जिथे त्याचा दुसरा डोळा होता, मिटलेला. तीस वर्षं तो हा डोळा मिटून काम करत आला होता. त्याचा काही अर्थ असतो असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो त्याने उघडला. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं दिसत होतं, काही जुळत नव्हतं. त्याने बटण दाबलं.

एकच काढला. चार प्रती छापल्या, कापल्या, पाकिटात घातल्या. आत्याने किती झाले विचारलं. तो राहू द्या म्हणाला. तिने नोट काचेवर आपटली आणि सुटे मोजून घेतले. चार वाजत होते. दोघी रस्ता ओलांडून घाईने शाळेच्या बाजूला गेल्या. मुलीने पाकीट वहीत घातलं होतं आणि वही छातीशी धरली होती.

त्याने बिट्टीला फोन केला. "दुकानात ये."

"का?"

"ये. फोन घेऊन ये."

ती पलीकडे गप्प झाली. नेहमी गप्प होते तशी नाही. चार महिने या फोनची वाट बघणाऱ्या माणसासारखी. "येते," म्हणाली. कशाला ते तिने विचारलं नाही.

दहा मिनिटं तो खुर्चीत बसला, उठला, स्टूल सरळ केलं, दिवे विझवले, एक परत लावला. कॉम्प्युटरवर त्या दिवशीचं फोल्डर उघडलं. तिन्ही फोटो होते. उडवतो म्हणाला होता, तेही पुरतं खरं नव्हतं. मधला मिटलेल्या डोळ्यांचा. आधीचा ओळखपत्रावरचा. आणि शेवटचा कोणीच न पाहिलेला. संपलं एकदाचं असं समजून ती उठता उठता हसली होती, तो. उन्हं खिडकीतून सरळ आत आली होती आणि स्क्रीनवर तो नेहमीचा पांढरा डाग पडला होता, नेमका चेहऱ्यांवर. त्याचा हात सवयीने पडद्याकडे गेला. कापड मुठीत आलं. त्याने ते सोडलं.

दाराशी चपला वाजल्या. बिट्टी आत आली, दप्तर पाठीवरच, फोन हातात उलटा धरलेला. तिने स्टुलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग स्क्रीनकडे, आणि डोळे बारीक केले.

"बाबा, पडदा ओढ ना. काही दिसत नाहीये."

"दिसेल," तो म्हणाला. "जवळ ये."